प्राणी-सोबती आणि कल्पित जगाची उभारणी : नाइटआईज वगळला तर काय कोसळते?

पेठेतला_वाचक

(नाइटआईज हा लांडगा ज्यांत येतो त्या, रॉबिन हॉब यांच्या ‘फार्सीअर’ आणि ‘टॉनी मॅन’ या दोन्ही त्रयींचे कथानक या धाग्यात उघड होणार आहे. ज्यांचे वाचन बाकी आहे त्यांनी कृपया येथूनच परत फिरावे. नंतरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.)

अद्भुतरम्य कादंबऱ्यांत नायकाच्या पायाशी एखादा लांडगा किंवा खांद्यावर एखादा ससाणा असणे आता इतके सरावाचे झाले आहे, की तो तेथे कशासाठी आहे हे विचारायचेही आपण सोडून दिले आहे. माझे मत असे, की बहुतेक मालिकांत हा प्राणी नायकाच्या पोशाखाचाच एक भाग असतो. तो काढून घेतला तर नायक थोडा अधिक एकाकी होईल, एखाददुसऱ्या चकमकीत त्याला मार बसेल. परंतु त्या जगातले कायदे, करवसुली, सोयरिकी, लोकांची भीती, यांतले काहीही जागचे हलणार नाही.

याला अपवाद म्हणून मी हॉब यांच्या मालिकेकडे बोट दाखवतो. १९९५ ते १९९७ या काळात आलेल्या पहिल्या त्रयीत फिट्झ हा युवराजाचा अनौरस मुलगा वयाच्या सहाव्या वर्षी राजघराण्याच्या दारात आणून सोडला जातो आणि तबेल्याचा प्रमुख बरिच त्याला वाढवतो. फिट्झला ‘विट’ ही शक्ती आहे, म्हणजे प्राण्यांच्या मनाशी त्याचे मन जोडले जाते. त्याच राजघराण्यात ‘स्किल’ नावाची दुसरी विद्या वंशपरंपरेने चालत आली आहे, आणि तिच्यात माणसाचे मन माणसाच्या मनाशी जोडले जाते. बारकाईने पाहिले तर दोन्हींची जात एकच आहे. पण स्किल असणाऱ्याला दरबारात मान मिळतो, आणि विट असणाऱ्याला फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करून जाळण्याची रीत आहे.

बरिच त्या मुलापासून त्याचे पहिले पिल्लू, नोझी, हिरावून घेतो तेव्हा आपण मुलाचा जीव वाचवतो आहोत अशी त्याची खात्री असते. त्याला स्वतःलाही विट आहे आणि त्याने ती आयुष्यभर दाबून ठेवली आहे, हे आपल्याला फार उशिरा कळते. म्हणजे प्राण्यावरचे प्रेम हा या राज्यात खाजगी मामला राहत नाही, तो देहान्ताचा गुन्हा ठरतो. नाइटआईज हा लांडगा कथेतून वगळला तर फिट्झचे दुहेरी आयुष्य जाते, शत्रूच्या हाती लागलेले त्याच्याविरुद्धचे सर्वांत मोठे हत्यार जाते, आणि दुसऱ्या खंडाचा शेवट तर लिहिताच येत नाही.

म्हणून माझी कसोटी अशी : आपल्या आवडीची मालिका घ्यावी, त्यातला प्राणी-सोबती मनातल्या मनात वगळावा आणि त्या जगातले काय कोसळते ते येथे लिहावे. नायकाच्या मनात काय कोसळते ते लिहू नये. जगात काय कोसळते तेवढेच लिहावे.


रविवारची_मिसळ

नाइटआईज वगळला असता तर दुसऱ्या त्रयीतले ‘फूल्स एरंड’ वाचताना भिजलेले माझे सगळे रुमाल कोरडे राहिले असते. जगातले एवढे तरी नक्की बदलले असते.


मुळाकाठची

तुमच्या यादीतून सर्वांत महत्त्वाची गोष्ट राहिली आहे, आणि ती ‘फोर्जिंग’. तांबड्या गलबतांवरचे लुटारू किनाऱ्यावरच्या गावांतून माणसे पळवतात आणि परत पाठवतात. परंतु परत आलेल्यांमध्ये माया, लाज, ओळख यांपैकी काहीही शिल्लक नसते. ती जेवतात, चोरतात, मारतात. इतरांना ती माणसे भयंकर वाटतात एवढेच. फिट्झला मात्र विटमुळे त्यांच्या जागी पोकळी जाणवते. झाड, घोडा, उंदीर, प्रत्येक जिवाची त्याला चाहूल लागते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाची लागत नाही. समोर उभा असलेला हा इसम सर्व जिवांना जोडणाऱ्या जाळ्यातून कापून बाहेर काढलेला आहे, हे वाचकाला सांगण्यासाठी लेखिकेला वेगळे पान खर्चावे लागत नाही.

यामुळे जी शक्ती माणसाला जनावर बनवते अशी लोकांची समजूत आहे, तीच शक्ती माणूसपण कोठे संपले हे ओळखण्याचे एकमेव साधन ठरते. हे सगळे नाइटआईज येण्याच्या आधी, पहिल्याच खंडात घडते, याकडेही लक्ष वेधते. म्हणून लांडगा वगळणे आणि विट वगळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांडगा वगळला तर फिट्झ कोसळेल. विट वगळली तर ते राज्य कोसळेल. तुमच्या कसोटीत ही सरमिसळ झाली आहे.


गवताळ_माळ

मी सासवड-सुपे-बारामती या पट्ट्यातल्या माळरानांवर पक्षी आणि प्राणी पाहत हिंडतो, त्यामुळे लांडगा आला की माझे वाचन थोडे चिकित्सक होते. आपल्या माळावरचा लांडगा साधारण १७ ते २५ किलोचा, किरकोळ अंगाचा, पिवळट करड्या रंगाचा असतो आणि वाळलेल्या गवतात तो दहा पावलांवर बसलेला असला तरी दिसत नाही. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी ओळखले जाते, पण आसपासच्या माळांवर लांडगाही आहे, धनगरांचे वाडे आहेत, आणि या दोघांचे नाते कादंबरीत बसेल इतके गुंतागुंतीचे आहे.

हॉब यांचे कौतुक मला एका कारणासाठी वाटते. कळपाचा ‘सरदार’ लढून ठरतो ही लोकप्रिय कल्पना रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणावरून मांडली, आणि पुढे ती इतकी पसरली की अजूनही कादंबऱ्यांतून जात नाही. डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांच्या निरीक्षणावरून दाखवून दिले, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरे. तेथे सरदारकीची लढाई नसते, कुटुंब असते. हॉब यांची पहिली त्रयी याच्या आधीची आहे आणि तरीही नाइटआईज फिट्झशी वागतो तो भावासारखा. तो त्याला ‘आपण कळप आहोत’ असे बजावतो, त्याच्या शिकारीची टिंगल करतो, आणि उद्याची चिंता करत बसण्याच्या त्याच्या सवयीला वैतागतो. आज्ञाधारक तर तो मुळीच नाही.

आता खोड काढतो. बाजारात पिंजऱ्यातून विकत घेतलेले पिल्लू, ज्याला आईने शिकार शिकवलेली नाही, ते इतक्या लवकर तरबेज शिकारी होणे मला पटत नाही. दुसरे म्हणजे वय. रानातला लांडगा सहा-आठ वर्षे जगला तरी पुष्कळ झाले, आणि नाइटआईज दुसऱ्या त्रयीपर्यंत, म्हणजे पंधरा वर्षांहून अधिक काळ, टिकतो.


मुळाकाठची

वयाचे उत्तर ग्रंथातच आहे. विटने माणसाशी बांधले गेलेले प्राणी आपल्या जातीच्या इतर प्राण्यांहून अधिक जगतात, असे जुन्या रक्ताचे लोक, म्हणजे विट असणारे, मानतात. आणि त्याची किंमत हॉब वसूल करतात : नाइटआईज सांधेदुखीने त्रासलेला, शिकारीला न पुरणारा म्हातारा होतो, आणि फिट्झ त्याला जबरदस्तीने जगवू पाहतो. ते ओझे दोघांनाही जाणवते.


कथेकरी

पेठेतला_वाचक यांच्या मतावर माझा आक्षेप आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या मालिकेचा पहिला खंड १९९६ मध्ये आला आणि त्यात स्टार्क या सरदार घराण्यातल्या मुलांना मेलेल्या आईजवळ सहा पिल्ले सापडतात, मुलेही मोजून सहा. तुमच्या कसोटीने पाहिले तर हे लांडगे पोशाखच ठरतील, कारण राजा, मंत्री, कर्ज, लग्ने, यांतले पुष्कळसे त्यांच्याविना चालू शकते. तरीही लेडी या लांडगीचा वध हा त्या पहिल्या खंडातला न्यायाचा सर्वांत स्पष्ट प्रसंग आहे. दोष दुसऱ्या लांडगीचा, ती पळून गेलेली. राणीला कातडे हवे आहे. म्हणून हाताशी असलेली निरपराध लांडगी मारायची, आणि राजाज्ञा म्हणून ते काम मुलांच्या बापाने, नेडने, स्वतःच्या हाताने करायचे. या राजधानीत पुढे काय होणार, हे त्याला तेव्हाच कळायला हवे होते. येथे प्राणी वगळला तर कायदा कोसळत नाही हे खरे, परंतु कायदा कसा चालतो हे दाखवणारा आरसा हरवतो.

आणि नियमांविषयी बोलायचे तर २०११ च्या पाचव्या खंडाच्या प्रास्ताविकात, प्राण्याच्या अंगात शिरणाऱ्यांचे निषेध सांगितले आहेत : माणसाचे मांस खाऊ नये, लांडगा होऊन लांडगीशी समागम करू नये, आणि दुसऱ्या माणसाचे शरीर बळकावू नये. जगात ही शक्ती पिढ्यान्पिढ्या वापरली गेली, तिचा दुरुपयोग झाला आणि मग कोणीतरी नियम केले, एवढा सगळा इतिहास त्या तीन निषेधांत येऊन जातो. हॉब यांचे जुन्या रक्ताचे लोकही मेल्यानंतर प्राण्याच्या देहात तळ ठोकून राहणाऱ्याचा तिरस्कार करतात. दोन लेखक स्वतंत्रपणे एकाच सीमारेषेवर येऊन थांबतात, यावर खरे तर वेगळा धागा हवा.


पेठेतला_वाचक

कथेकरी, लेडीचा मुद्दा मान्य, आरशाची उपमाही मान्य. तरीही सहांपैकी काही लांडगे पुढील खंडांत लेखकाला सांभाळता आले नाहीत असे मला वाटते. ते दृष्टीआड पाठवले जातात आणि कथेला त्यांची उणीव भासत नाही. नाइटआईज चार पाने दिसला नाही तर वाचक अस्वस्थ होतो.


तर्कट

सर्वजण हॉब यांच्यावर इतके खूश आहात, म्हणून विचारतो. विट असलेला माणूस घारीशी जोडला गेला तर घारीला दिसते ते त्याला कळते. किनाऱ्यावर शत्रूची गलबते दररोज लुटालूट करत आहेत, राज्याचा खजिना रिकामा होत आहे, किनाऱ्यावरचे परगणे आणि आतले परगणे कर कोणी किती द्यावा यावर भांडत आहेत. अशा वेळी कोणताही शहाणा राजा या लोकांना फासावर चढवण्याऐवजी टेहळणीवर बसवेल. राजवाड्याच्या भिंतीआड गुप्तहेर आणि मारेकरी पोसणाऱ्या राजाला हे सुचू नये? ही जगाच्या उभारणीतली फट आहे आणि तुम्ही तिला खोली म्हणता आहात.


मुळाकाठची

इतिहासात शहाण्या राजांनी उपयुक्त लोकांना हाकलून दिल्याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागणार नाही. शिवाय विट म्हणजे हुकूम नव्हे. ज्याच्याशी बंध जुळला तो एकच प्राणी, आणि तोही स्वतःच्या मर्जीचा. घारीला उंदीर दिसला तर ती गलबत पाहणार नाही.


तर्कट

घारीचे सोडा. माणसाची मर्जी राखणारा कुत्रा तर आहे? कुत्रा जोडला गेलेला शिपाई हा तटबंदीवरचा सर्वोत्तम पहारेकरी ठरेल.


कबूतरखाना

तर्कट यांच्या प्रश्नाला समांतर असा एक प्रश्न मला नेहमी छळतो, आणि तो निरोप पोहोचवणाऱ्या पक्ष्यांचा आहे. आमच्या घरात दोन पिढ्या गच्चीवर कबुतरे पाळली गेली, त्यामुळे कादंबरीतला नायक कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून त्याला ‘अमुक राजाकडे जा’ असे सांगतो तेव्हा माझा संयम सुटतो. निरोप्या कबूतर फक्त स्वतःच्या खुराड्याकडे परतते. ज्या ठिकाणी निरोप पाठवायचा, तेथले कबूतर आधी पिंजऱ्यात घालून आपल्यासोबत आणावे लागते, आणि ते एकदाच वापरता येते. ओडिशा पोलिसांनी १९४६ पासून ही सेवा चालवली, १९८२ च्या पुरात आणि १९९९ च्या चक्रीवादळात बाकीची साधने बंद पडली तेव्हा ती उपयोगी आली. तेथेही प्रत्येक ठाण्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागे.

मार्टिन यांनी कबुतरांऐवजी कावळे घेतले, पण हा नियम पाळला आहे. त्यांच्या जगात एकेका किल्ल्यासाठी शिकवलेले वेगवेगळे कावळे असतात, आणि एकाहून अधिक ठिकाणे ओळखणारा कावळा दुर्मीळ व मोलाचा मानला जातो. यामुळे आपोआप एक मोठी गोष्ट घडते : पक्षी सांभाळणारे विद्वान प्रत्येक किल्ल्यात लागतात, सगळी पत्रे त्यांच्या हातून जातात, आणि कोणाला काय कळावे हे त्यांच्या हाती येते. पेठेतला_वाचक यांची कसोटी येथे लावा. एकाही पक्ष्याला नाव नाही, कोणी त्याच्यासाठी रडत नाही, पण तो वगळला तर राज्याचा कारभार आठ दिवसांत बंद पडेल. सोबती नसलेला प्राणी जग अधिक चांगले पेलतो, असे म्हणण्याची माझी तयारी आहे.


रविवारची_मिसळ

आमच्या सोसायटीत कबुतरांना दाणे टाकण्यावरून जे घडले ते पाहता, पक्ष्यांमुळे राज्ये कोसळतात यावर माझा पूर्ण विश्वास आहे.


रंकाळ्याचा

मूळचा कोल्हापूरचा, आता कोथरूडला असतो. ‘फूल्स एरंड’मध्ये राजपुत्राच्या घोड्यावर खोगिराच्या मागे गादी बसवलेली असते आणि तिच्यावर शिकारी मांजर बसते, हा तपशील वाचून मी थबकलो, कारण त्यातली शिकार आमच्याकडे खरोखर घडत होती. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून माळावर नेला जाई. गाडीला काळवीट बिचकत नाहीत, म्हणून गाडी. विसाव्या शतकात आपल्याकडचा चित्ता संपत आला तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. भारतातून तो नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये कुनोत आफ्रिकेतलेच चित्ते सोडले गेले.

आता जगाच्या उभारणीच्या दृष्टीने यातली मेख पाहा. पाळलेल्या अवस्थेत चित्त्याची वीण जवळपास होतच नसे. अकबराच्या पदरी शेकड्यांनी चित्ते होते म्हणतात, तरी पिल्ले झाल्याची नोंद जहांगीर एक आश्चर्य म्हणून करतो. शिवाय पिल्लू पकडून उपयोग नसे, कारण शिकार त्याला आईच शिकवते. म्हणून मोठा, शिकलेला चित्ताच पकडावा लागे. (गवताळ_माळ यांचा पिंजऱ्यातल्या पिल्लाचा आक्षेप येथे भक्कम होतो.) म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून आलेला, आणि दरबार जितका मोठा तितके रान रिकामे. सोबती म्हणून मिरवलेला प्राणी त्या मिरवण्यानेच संपत जातो. हे कोणत्याही अद्भुत कादंबरीत मी वाचलेले नाही. सर्वांचे ससाणे, मांजरे, लांडगे कोठून येतात हे कोणी सांगत नाही, आणि ते कधी संपतही नाहीत.


गवताळ_माळ

रंकाळ्याचा, हा संपूर्ण धाग्यातला सर्वांत कामाचा प्रतिसाद आहे.


सरमेची_लेक

इंग्रजी मालिकांच्या गर्दीत आपल्याकडे पाहावे म्हणून लिहिते. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती उघडली, तर आदिपर्वात अगदी सुरुवातीलाच सरमा नावाची एक कुत्री येते. जनमेजयाच्या यज्ञात त्याचे तीन भाऊ सरमेच्या पिल्लाला मारतात. पिल्लाने हवि चाटला नव्हता, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा राजाला जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, आणि ती अकल्पित भयाचा शाप देऊन निघून जाते. सतराव्या पर्वात युधिष्ठिराच्या मागे एक कुत्रा चालत असतो आणि त्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला तो नकार देतो. एवढ्या प्रचंड ग्रंथाच्या एका टोकाला निरपराध कुत्र्याला मारणारे राजपुत्र आहेत आणि दुसऱ्या टोकाला कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारणारा राजा आहे. हा कुत्रा वगळून पाहा, युधिष्ठिराची परीक्षाच उरत नाही.


तर्कट

आणि शेवटी तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. ही फसवणूक आहे. ज्या क्षणी राजा कुत्र्यासाठी सर्वस्व सोडायला तयार होतो, त्याच क्षणी कुत्रा कुत्रा राहत नाही. नाइटआईज मरेपर्यंत लांडगाच राहतो. येथे मला हॉब यांची बाजू घ्यावी लागते आहे, हे दुर्दैव.


सरमेची_लेक

तुम्ही हॉब यांची बाजू घेतलेली पाहून आनंद झाला. पण सरमेचे पिल्लू शेवटपर्यंत पिल्लूच राहते, हेही लक्षात घ्यावे.

आपल्याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण घ्या. जेजुरीच्या खंडोबासोबत घोडा असतो आणि कुत्रा असतो. वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे मानत; भुंकणे, कोटंब्यातून (भिक्षापात्रातून) प्रसाद खाणे, हे त्यांच्या आचारात होते. देवाच्या सोबत असलेल्या प्राण्यामुळे माणसांचा एक वर्गच तयार झाला, त्याला दीक्षा आली, वेश आला, गाणी आली, आणि मुरळ्यांच्या आयुष्याची होरपळही त्याच व्यवस्थेतून आली. पेठेतला_वाचक यांना हवे आहे ते अगदी हेच नाही का? कुत्रा वगळा, आणि समाजातला एक अख्खा थर नाहीसा होतो.


पेठेतला_वाचक

हेच हवे होते, आणि ते कादंबरीत न मिळता जेजुरीत मिळावे याचा मला विलक्षण आनंद आहे.


दुपारी_एक_ते_चार

(दुकान बंद असल्यामुळे सवडीने लिहितो आहे.)

तर्कट यांच्या ‘राजाने उपयोग का करून घेतला नाही’ या प्रश्नावर कोणी नीट उत्तर दिले नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या मालिकेत आहे. नाओमी नोविक यांच्या २००६ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत नेपोलियनच्या काळातली युद्धे ड्रॅगनांसह लढली जातात, आणि तेथे सरकारने प्राण्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे : हवाई दल आहे, हुद्दे आहेत, अंडी फुटण्याच्या वेळी कोणी पुढे व्हायचे याचे नियम आहेत. परिणाम पाहण्यासारखा आहे. आम्ल फेकणाऱ्या लाँगविंग जातीचे ड्रॅगन फक्त स्त्रियांनाच कप्तान म्हणून स्वीकारतात. त्या जातीवाचून ब्रिटनचे चालत नाही, म्हणून त्या काळच्या ब्रिटनला गुपचूप स्त्री अधिकारी नेमावे लागतात, आणि सभ्य समाज या दलाकडे नाक मुरडून पाहतो. प्राण्याचा एक हट्ट, आणि सैन्यातली स्त्रीबंदी तेथे तरी मोडते. पुढे नायक आपल्या ड्रॅगनसह चीनला जातो तेव्हा तेथे ड्रॅगन रस्त्यांतून मोकळे हिंडतात, शिकतात, आणि त्याच्या ड्रॅगनला आपण घरी कोणत्या अवस्थेत राहतो हे कळून चुकते.

राजाने प्राण्याचा उपयोग करायचे ठरवले, की प्राण्याच्या अटी राज्यात शिरतात. फिट्झच्या राज्यातल्या सरदारांना नेमकी याचीच भीती वाटत असावी. कुत्र्यावाला पहारेकरी हवा असेल तर कुत्र्यावाल्याला जगू द्यावे लागेल, त्याच्या मुलांना जगू द्यावे लागेल, आणि मग फाशीचा कायदा टिकत नाही. दुसऱ्या त्रयीत हॉब यांनी दरबाराला अगदी याच वाटेने नेले आहे. तेथे विट असणाऱ्यांतलीच पायबाल्ड नावाची टोळी आपल्याच जुन्या रक्ताच्या लोकांची नावे उघड करून त्यांना मरणाच्या दारात ढकलते, एवढे या भीतीने त्यांना पोखरलेले असते.


तर्कट

हे उत्तर मला पटत नाही, पण ‘शहाण्या राजां’पेक्षा पुष्कळ बरे आहे.


मुळाकाठची

फिलिप पुलमन यांचा उल्लेख झाल्याशिवाय धागा संपू नये. त्यांच्या जगात प्रत्येक माणसाचा जीव प्राण्याच्या रूपाने बाहेर वावरतो, लहानपणी रूप बदलत राहतो आणि वयात आल्यावर एका रूपात स्थिरावतो. नोकरांचे प्राणी बहुतेक कुत्रेच निघतात, हे एक वाक्य लेखक सहज टाकून जातात आणि वर्गव्यवस्था एकदम अंगावर येते. ज्याचा प्राणी डॉल्फिन म्हणून स्थिरावला त्याला जमिनीवर पाऊल ठेवता येत नाही, असेही एक जुना खलाशी सांगतो. येथे तुमची कसोटी लावताच येत नाही, कारण प्राणी वगळणे हाच त्या पहिल्या पुस्तकातला गुन्हा आहे.


सह्याद्रीची_रूपरेषा

मी मराठीत अशीच एक मालिका लिहिण्याच्या प्रयत्नात आहे आणि गेले काही दिवस हा धागा चोरासारखा वाचते आहे. घाटमाथ्यावरचे एक कल्पित राज्य आहे, नायिका तेथल्या निरोप्यांच्या घराण्यातली आहे. लांडगा, ससाणा, वाघ हे सर्व वापरून झाले आहे. मी शेकरू घ्यायचे ठरवते आहे. हसणार असाल तर आताच हसून घ्या.


रविवारची_मिसळ

मी हसलो नाही. मी फक्त शेकरूवर स्वार झालेल्या सेनापतीचे चित्र डोळ्यांसमोर आणले.


गवताळ_माळ

हसण्याजोगे काहीच नाही, उलट निवड उत्तम आहे. शेकरू आपला राज्यप्राणी आहे आणि भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः त्याच्यासाठीच जाहीर झाले. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत जातो आणि उंच फांद्यांच्या टोकांना डहाळ्या-पानांची घरटी बांधतो, तीही एकाहून अधिक. त्यामुळे त्याला सलग रान लागते. मधली दहा झाडे तोडली तर त्याच्यापुरता रस्ताच तुटतो.


दुपारी_एक_ते_चार

मग जग यातूनच उभे राहील. निरोप्यांचे घराणे शेकरूशी जोडलेले असेल तर राज्याचे दळणवळण झाडांच्या शेंड्यांवरून चालते. म्हणजे झाड तोडणे हा राजद्रोह. देवराया कायद्याने राखल्या जातील आणि त्यांचे पुजारी रस्त्यांचे अधिकारी होतील. कोळसा पाडणारे आणि नाचणीसाठी डोंगरउतारावर राब भाजणारे शेतकरी या कायद्याखाली भरडले जातील, आणि तुमच्या कथेतला संघर्ष तेथेच आहे, बाहेरून आक्रमण आणण्याची गरज नाही.


पेठेतला_वाचक

कसोटी लावून पाहतो. शेकरू वगळला तर दळणवळण जाते, झाडांचा कायदा जातो, देवरायांची सत्ता जाते, शेतकऱ्यांचे बंड जाते. सगळेच कोसळते, म्हणजे उत्तीर्ण. एवढेच करा, की नायिकेच्या घराण्याला या कायद्याचा फायदा मिळत असू द्या आणि तिचे लग्न राब भाजणाऱ्यांच्या घरात ठरवा. बरिचइतका ताणलेला माणूस मग आपोआप सापडेल.


रंकाळ्याचा

आणि शेकरू येतात कोठून, तेही लिहा. पाळलेले की पकडलेले? पकडलेले असतील तर राजधानीजवळचे रान आधी मुके होईल.


सह्याद्रीची_रूपरेषा

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या प्रकरणात नायिका अमावास्येच्या रात्री शेकरूच्या पाठोपाठ रानातून निरोप घेऊन धावते, तेवढे लिहून झाले आहे. ते येथे टाकू का?


गवताळ_माळ

टाका, पण प्रसंग दिवसाचा करून टाका. शेकरू दिनचर आहे. अंधार पडला की तो घरट्यात झोपतो. रात्रीचाच निरोप हवा असेल तर त्यासाठी दुसरे घराणे आणि दुसरा प्राणी लागेल.


तर्कट

आणि ती दोन घराणी एकमेकांना पाण्यात पाहतील. लिहा.